तोंडावरचं बोट

बोरखडीच्या शाळेत कुणी साहेब तपासणीला आला, की हेडमास्तर आदिनाथ सर त्याला आधी चहा पाजायचे आणि मग कमलबाईंच्या वर्गाच्या दाराशी नेऊन उभं करायचे. बोलायचे काही नाहीत. नुसती 'ऐका' अशी खूण करायचे. साहेब कान देऊन ऐकायचा, आणि आतून काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. पहिली-दुसरीची सव्वीस लेकरं आत बसलीयत, यावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास बसू नये. मग साहेब शेरेबुकात लिहायचा, 'वर्गात कमालीची शांतता. शिस्त वाखाणण्याजोगी.' अशी वाक्यं कमलबाईंना तारीखवार पाठ होती. घरी सोनपेठला त्यांचे यजमान लिंबाजीराव शिवणयंत्रावर बसलेले असले, की बाई शेजारी उभ्या राहून त्यांना ती ऐकवायच्या. लिंबाजीरावांनाही आता ती पाठ झाली होती.

बाईंचा मंत्र काही फार मोठा नव्हता. 'हाताची घडी, तोंडावर बोट!' बस, एवढाच. तुम्ही-आम्ही सगळे तसेच बसलेलो आहोत, पण कमलबाईंच्या तोंडून ते निघालं की त्याला वेगळीच धार चढायची. आणि त्या स्वतःही बोट ओठांवर ठेवून उभ्या राहायच्या, सगळ्यांची बोटं जागच्या जागी येईपर्यंत.

आता कुणाला वाटेल, बाई खडूस असतील. अजिबात नाही! अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लेकराच्या अंगाला बोट लावलं नाही. त्यांच्या पर्समध्ये पैशापेक्षा सुई-दोरा, गुंड्या आणि बिस्किटाचे पुडेच जास्त. एखाद्या पोरीच्या वेण्या सुटल्या, तर मांडीशी बसवून घालून द्यायच्या. त्यांना फक्त कालवा सहन व्हायचा नाही. त्यालाही कारण होतं. बाई मूळच्या सेलूच्या, घर कापसाच्या जिनिंगला लागून. वडील भगवानराव जिनिंगमध्ये कामाला. उभा जन्म मशिनीच्या आवाजात काढल्यावर कान कुठले राहतात! घरात सगळ्यांना ओरडूनच बोलायची सवय लागली. 'भाजीत मीठ कमी हाय' हेसुद्धा गल्लीतल्या चार घरांना कळायचं. भांडण नव्हे हो, साधं बोलणं! छोट्या कमलला वाटायचं, कुठंतरी एखादी गप्प जागा असावी आणि आपण तिथं जाऊन बसावं. पुढं नोकरी लागली. पहिल्याच दिवशी चाळीस पोरांचा गोंधळ बघून ती रडकुंडीला आली, आणि तिथल्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनी शिकवलेलं वाक्य तिनं घाबरत घाबरत उच्चारलं. सगळं एकदम शांत झालं. माय वो, किती बरं वाटलं तिला! तेव्हापासून तिनं ते वाक्य सोडलं नाही.

मधे एकदा परभणीला प्रशिक्षण झालं होतं. तिथं एक पुस्तिका मिळाली, लेकरांना काय करू नये ते सांगण्यापेक्षा काय करावं ते सांगा, करून दाखवा, केलं की कौतुक करा, असं काहीबाही त्यात होतं. बाईंनी बसमध्येच ती चाळली आणि वर्गातल्या हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवून दिली. कपाट हलायचं थांबलं.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण ऑगस्टमधल्या एका दुपारी बाईंना मोबाइलवर माहिती भरायची होती. आज किती लेकरांनी खिचडी खाल्ली, ते रोज शाळेनं ऑनलाइन कळवायचं असतं. रेंज येईना, भरलेलं जाईना, बाईंचा जीव मेटाकुटीला आला. त्यांनी मान वर न करताच वर्गाला फर्मावलं, "हाताची घडी, तोंडावर बोट. कुणाचा आवाज आला तर याद राखा." आवाज आला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी एकदाची माहिती गेली. बाईंनी खुशीत मान वर केली, तर जमिनीवर अंथरलेल्या बसकरपट्टीच्या टोकाला बसलेली बबिता त्यांना दिसली.

बबिता म्हणजे गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरची, बिरू आणि कासाबाईची धाकटी. पहिलीत होती. लाल रिबिनी, कपाळावर गोंदल्यासारखं बारीक कुंकू, आणि चिमणीएवढं तोंड. त्या तोंडावर तिनं बोट ठेवलेलं होतं आणि डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. अंगातला झगा घामानं ओलाचिंब. बाई उठून जवळ गेल्या. शेजारचा हरिओम, त्याचंही बोट तोंडावरच, नुसत्या डोळ्यांनी खाली बघत होता. पट्टीच्या कडेला लाल विंचू होता आणि बबिताची टाच सुजली होती.

बाईंनी तिला उचललं, स्कुटीवर पुढं घेतलं आणि दवाखान्यापर्यंत ब्रेक म्हणून लावला नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळी दिली, सलाइन लावलं. "विंचू चावून किती वेळ झाला?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच, पाचेक मिनिटं," बाई म्हणाल्या.

"न्हाई," खाटेवरनं बारीक आवाज आला. "बाई मोबाइल बघायला लागल्या ना, तवाच चावला."

"अगं मग ओरडली कामून न्हाईस, बाय माझी?"

"तुमी बोट ठिवा म्हणल्या व्हत्या."

डॉक्टरांनी एकवार बाईंकडं बघितलं आणि ते सलाइनची नळी ठीक करू लागले. कमलबाईंना वाटलं, याहून यांनी चारचौघांत थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

खरा मार पुढंच होता. तासाभरानं बिरू आणि कासाबाई धापा टाकत आले. आता ही बाई आपल्याला शिव्या देणार, आणि द्याव्यातच, असं म्हणून कमलबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. कासाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि बाईंचेच डोळे पदरानं पुसायला पुढं झाली.

"तुमी कामून रडायल्या, बाई? पोरगी बरी हाय की! विंचू चावला तरी मास्तरणीचा शबूद मोडला न्हाई तिनं. लय गुणाची हाय. समद्या वस्तीला सांगते मी."

आणि तिनं खरंच सांगितलं. पाच दिवस बबिता घरी होती, आणि पाच दिवस वस्तीवर तिचं कौतुक चाललं होतं. कुणी म्हणे, आमची पोरं असती तर बोंब ठोकली असती. कुणी तिच्या हातावर साखर ठेवली. तिच्या एका मामानं तर तिला मुद्दाम 'कशी बसली व्हतीस, दाव बरं' म्हणून बोट ठेवायला लावलं, आणि तिनं ठेवल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग काय होणार? सहाव्या दिवशी बबिता शाळेत आली ती बोट ठेवूनच. प्रार्थनेला बोट, पाढ्यांना बोट, खेळाच्या तासाला सगळी पोरं पळतायत आणि ही भिंतीला टेकून, बोट तोंडावर. खिचडीपुरतं तेवढं खाली यायचं. बाई म्हणाल्या, "बबिते, बोट काढ गं." काढलं. बाईंची पाठ वळली की परत वर. वाच म्हटलं तर ओठ हलायचे नाहीत. आधी ती कविता म्हणायची, शेजारणीची पेन्सिल मागायची, चुगल्या करायची. आता शाळेत तिचा आवाज म्हणून राहिला नाही.

इकडं दिवाळी जवळ येत होती. एक दिवस कासाबाई शाळेच्या दारात आली. "बाई, दिवाळीनंतर आमी मेंढरं घिऊन गंगंकडं, गोदावरीच्या काठाला उतरताव. बबिताला गावात आत्याकडं ठिवायचं, शाळा शिकवायची, असं ठरलं व्हतं. पण हरिओमची माय म्हणायली, तुमची पोरगी शाळंत बोलतच न्हाई. मग ठिवून काय करू? संग नेते." ती रागानं बोलत नव्हती. बाजाराला जाताना काय आणू विचारावं, तसं सहज विचारत होती.

एकदा पोरगी मेंढरांमागं गेली की परत येऊन वर्गात बसत नाही, हे बाईंनी अठ्ठावीस वर्षांत पुरतं बघितलं होतं. "दिवाळीपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "मला तेवढी मुदत दे, कासाबाई."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी कपाट तिरकं करून पायाखालची पुस्तिका काढली. तिला मुंग्या लागल्या होत्या. फुंकर मारून वाचली आणि खडू घेऊन फळ्यापुढं उभ्या राहिल्या. 'आपल्या वर्गाचे नियम,' त्यांनी लिहिलं. मग लिहिलं, 'गोंधळ करू नका.' पुसलं. 'धावू नका.' पुसलं. 'ढकलाढकली करू नका.' अरे देवा! अठ्ठावीस वर्षं 'नका नका' करून जिभेला वळणच तसं पडलेलं. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'नका' लटकलेलंच. आदिनाथ सर कुलूप लावायला आले तेव्हा बाईंचे दोन्ही हात पांढरे झाले होते आणि फळा कोरा होता.

त्या तशाच स्कुटी काढून वस्तीवर गेल्या. ऊन उतरलेलं. माळावरनं मेंढरं परत येत होती आणि त्यांच्या पुढं एवढीशी बबिता चालत होती. गळ्यातून असा काही आवाज काढत होती, की बाई स्कुटी बंद करायच्या विसरल्या. "हुर्रर्र, हिकडं या! या, या, या!" टेकडीला ऐकू जाईल अशी हाक! चाळीस-पन्नास मेंढरं तिच्या हाकेसरशी वळली आणि जाळीच्या वाड्यात शिरली. हीच का ती पोर? बाईंचा डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढ्यात बबितानं बाईंना बघितलं, आणि बोट झट्‌कन तोंडावर गेलं.

बाईंनी स्कुटी बंद केली. ही बोट भीतीनं ठेवत नाही, बाईंना खूश करायला ठेवते, हे त्यांना तेव्हा कळलं. आपल्यालाच एवढी वर्षं ते बोट आवडत होतं.

बिरू जाळी बांधत होता. बाईंनी त्याला सहज विचारलं, "एवढी मेंढरं, तिकडं रस्त्यावर जाऊ नका म्हणून हिनं कसं सांगितलं त्यांना?"

बिरू हसला. "मेंढराला 'तिकडं जाऊ नको' म्हणून काय कळतंय, बाई? 'हिकडं या' म्हणलं तर कळतं. आन् नुसतं म्हणून भागत न्हाई. आपल्याला म्होरं चालावं लागतं."

परतीच्या वाटेवर बाई स्वतःशीच मोठमोठ्यानं वाक्यं म्हणत आल्या. पळू नका, न्हाई, चालत जा. ढकलू नका, न्हाई, एकामागं एक उभे राहा. रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, बाईंना काही झालं की काय.

दुसऱ्या दिवसापासून बोरखडीच्या शाळेत जे सुरू झालं, ते बघून आदिनाथ सर बेजार झाले. हेडमास्तर असले तरी वयानं ते बाईंच्या लेकासारखे. त्यामुळं अडवायचीही सोय नव्हती. चोपन्न वर्षांच्या कमलबाई खिचडीच्या रांगेत ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं! रांगेत कसं उभं राहायचं ते दाखवायला. नळावर हात कसे धुवायचे, दुसऱ्याला आधी पाणी कसं पिऊ द्यायचं, चपला कशा ओळीनं ठेवायच्या, सगळं स्वतः करून दाखवायच्या, आणि मग लेकरांकडून करून घ्यायच्या, पाढ्यासारखं रोज. कुणी केलं की नाव घेऊन सांगायच्या. "हरिओमनं वैष्णवीला आधी पाणी पिऊ दिलं. मी बघितलं बरं का!" हरिओमची छाती तेवढ्यानं फुगायची.

आणि सगळ्यात मोठा धडा होता ओरडायचा. "काही दुखलं, काही दिसलं, काही सांगायचं असलं तर हात वर. आणि घाई असली तर हात नको, थेट मोठ्यानं हाक मारायची. म्हणा, बाईऽऽ!" पहिल्या दिवशी पंचवीस पोरं एका दमात अशी ओरडली, की आदिनाथ सर पुन्हा विंचू निघाला समजून झाडू घेऊनच धावत आले. बाई त्यांना म्हणाल्या, "तालीम चालू हाय, सर. तुमी बसा."

ओरडली पंचवीसच. सव्विसावी बोट ठेवून बघत होती.

बाईंची जीभ काही एका दिवसात वळली नाही. म्हणून त्यांनी पोरांनाच कामाला लावलं. "माझ्या तोंडून जुनं काही निघालं, तर हात वर करायचा आणि मी काय म्हणायला पायजे ते मला सांगायचं." मग काय, पोरांना तेच हवं होतं! बाई म्हणायच्या, "अरे, पळू नका!" की हरिओमचा हात वर. "बाई, 'चालत जा' म्हणा." बाई कान धरायच्या आणि म्हणायच्या, "चालत जा, बाबांनो." अख्खा वर्ग हसायचा. बबिताच्याही डोळ्यांत हसू दिसायचं, पण ते बोटाच्या वरच राहायचं.

बाई रोज तिच्या शेजारी बसायच्या. "बबिते, तुझ्या हाकेनं पन्नास मेंढरं वळली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं," म्हणायच्या. "ती हाक मला लय आवडली गं." बबिता ऐकून घ्यायची. दिवस मात्र भराभर जायला लागले. वस्तीवर बोचकी बांधायला सुरुवात झाली. बाईंना जेवण गोड लागेना. लिंबाजीराव म्हणाले, "अगं, एका पोरीसाठी एवढं?" तर त्यांच्यावर अशा खेकसल्या, की त्यांनी मुकाट्यानं सुईत दोरा ओवला.

सुट्टी लागायला दोन दिवस उरले आणि सकाळी अकराला, न सांगता-सवरता, केंद्रप्रमुखांची मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. साहेब नवीन होते, कडक म्हणून नावाजलेले. बाईंच्या वर्गात तेव्हा पोरं घोळक्यानं बसून चित्रांवरून गोष्टी रचत होती. आवाज चांगलाच होता. दारात काळे बूट दिसले, त्यामागं आदिनाथ सरांचा उतरलेला चेहरा दिसला, आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षांचं शेरेबुक डोळ्यांपुढून गेलं. काही कळायच्या आत त्यांच्या तोंडून ते निघालं.

"हाताची घडी, तोंडावर बोट!"

आणि त्यांचं स्वतःचं बोट ओठांवर गेलं. पंचवीस बोटं वर गेली, सव्विसावं तिथं होतंच. वर्ग चिडीचूप. साहेबांचा चेहरा खुलला. वळून आदिनाथ सरांना म्हणाले, "वा! शेरेबुक आणा बरं."

बाईंना तेवढ्यात आपलं काय झालं ते उमगलं. पण साहेब समोर उभे. बोट खाली घ्यावं, तर हात हलेना. त्यांनी वर्गाकडं बघितलं. हरिओमसुद्धा साहेबांना बघून गप्प बसला होता.

मग पट्टीच्या टोकाला एक हात हळूहळू वर गेला. एक बोट तोंडावर तसंच, आणि दुसरा हात वर. तोंडावरचं बोट खाली आलं, आणि माळावरची ती टेकडीपर्यंत जाणारी हाक वर्गात आली.

"बाईऽऽऽ!"

साहेब दचकले.

"बाई, 'तोंडावर बोट' न्हाई!" बबिता उभी राहून सांगत होती. "'बोट खाली, हात वर' म्हणा. आन् तुमचं बी बोट खाली घ्या, बाई."

कमलबाईंचं बोट खाली आलं. त्या बबितापुढं गुडघ्यांवर बसल्या, साहेबांकडं पाठ आहे याची शुद्ध राहिली नाही. "बोट खाली, हात वर," त्या कशाबशा म्हणाल्या. "चुकलं गं माझं. तू हात वर केलास, मोठ्यानं हाक मारलीस, मला नीट सांगितलंस. शाब्बास, माझी बबिता!" आणि मग बाईंनी रोज शिकवलेलंच झालं. पंचवीस हात वर गेले, प्रत्येकाला काहीतरी सांगायचंच होतं, आणि वर्गात असा कल्ला माजला की साहेबांनी दारातूनच काढता पाय घेतला. बबिता आता थांबायलाच तयार नव्हती. कोकराचं, आत्याच्या कोंबडीचं, विंचवाचं, दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बाईंच्या कानाशी बडबडत होती. बाई भरल्या डोळ्यांनी हं हं करत होत्या.

साहेबांनी जाताना शेरेबुकात लिहिलं, 'वर्गात आवाज फार. लहान मुले शिक्षिकेस उलट बोलतात. नियंत्रण आवश्यक.' आदिनाथ सरांनी ते पान बाईंना दाखवावं की नको, म्हणून खिचडी होईपर्यंत लपवलं. शेवटी दाखवलं. बाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि शाळा सुटल्याबरोबर स्कुटीला किक मारली.

वस्तीवर कासाबाई बोचक्याला गाठ मारत होती. बाईंनी तिच्यापुढं मोबाइल धरला आणि तो शेरा खणखणीत आवाजात वाचून दाखवला, आपल्या बहिऱ्या वडलांना, भगवानरावांनाही ऐकू गेलं असतं असा.

कासाबाई घाबरली. "म्हंजी काय वो, बाई? वाईट लिव्हलंय का तुमचं?"

"म्हंजी तुझी बबिता बोलली."

कासाबाईनं बोचक्याची गाठ सोडली, त्यातून पोरीचे दोन झगे आणि लाल रिबिनी काढून बाजूला ठेवल्या आणि वाड्याकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली. "अवो, आत्याला निरोप द्या! पोरगी हितंच ऱ्हाती!"